‘सारग्राहीपणे’: अनेक शैली आणि अनेक स्रोतांबद्दल लिहिताना हे क्रियाविशेषण कसं वापरावं

संगीत, नाटक, वास्तू, चित्रकला, स्वयंपाक, विषय कोणताही असो, दोन-तीन शैली एकत्र आल्याचा उल्लेख निघाला की मराठी लेखात ‘सुरेख संगम’, ‘मनोहारी मिलाफ’ किंवा ‘अनोखं मिश्रण’ यांपैकी काहीतरी येतंच. माझ्याकडे संपादनासाठी येणाऱ्या संगीतविषयक लेखांत तर ‘त्रिवेणी संगम’ हमखास असतो. या शब्दांत व्याकरणाची चूक नाही. पण संगम आपोआप होतो, त्यासाठी कोणाला काही ठरवावं लागत नाही. गायक, नाटककार किंवा वास्तुविशारद मात्र पदोपदी ठरवत असतो: हे घ्यायचं, हे सोडायचं, हे इथे बसणार नाही. त्याचं हे ठरवणं वाक्यातून गळून पडतं आणि वाचकाला फक्त कौतुक ऐकू येतं.

ते ठरवणं वाक्यात परत आणणारं एक नेमकं क्रियाविशेषण मराठीत आहे: सारग्राहीपणे. ते कमी वापरलं जातं आणि वापरलं जातं तेव्हा बरेचदा नुसतं भारदस्तपणासाठी. ते कामाला कसं लावायचं, ते पुढे पायरीपायरीने लिहिलं आहे. संगीत-नाटकावर लिहिणारे, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि भाषांतरकार हे वाचक प्रामुख्याने डोळ्यांसमोर आहेत.

आधी शब्दाचा आवाका

‘सारग्राही’ म्हणजे सार तेवढं घेणारा. त्यामुळे ‘अमुक व्यक्तीने सारग्राहीपणे घेतलं’ असं लिहिताच तुम्ही एका दमात तीन दावे करता. स्रोत एकाहून अधिक होते. घेणाऱ्याने त्यांतून जाणून निवड केली. आणि तो कोणत्याही एका स्रोताला पूर्णपणे बांधलेला राहिला नाही. तिन्ही दावे खरे असतील तरच शब्द वापरायचा. एखादी व्यक्ती आयुष्यभर एकाच घराण्यात शिकली आणि अधूनमधून दुसऱ्या घराण्याची एखादी बंदिश गायली, तर तिसरा दावा पडतो. तिथे ‘क्वचित बाहेरचंही घेतलं’ एवढं पुरे.

इंग्रजीतल्या ‘एक्लेक्टिकली’च्या जागी भाषांतरकारांना हाच शब्द उपयोगी पडतो. त्या शब्दाचं ग्रीक मूळ ‘निवडून घेणं’ याच अर्थाचं आहे. अलेक्झांड्रियाच्या पोटॅमॉन नावाच्या तत्त्वज्ञाने प्रत्येक संप्रदायातलं स्वतःला पटलेलं घेऊन वेगळा पंथ काढला, अशी नोंद प्राचीन तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनिस लेअर्शियसने केली आहे. म्हणजे तिथेही भर मिसळण्यावर नाही, निवडण्यावर आहे. इंग्रजी शब्दकोशात ‘विविध शैलींचं मिश्रण’ असा अर्थ दिसला म्हणून मराठीत ‘मिश्रपणे’ लिहिणारे या ठिकाणी घसरतात.

पायरी पहिली: निवडणारा कोण, ते शोधा

वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: निवड कोणी केली? उत्तर एखादी व्यक्ती, एखादी मंडळी, एखादी संस्था असेल तर पुढे जा. उत्तरच मिळत नसेल तर हे क्रियाविशेषण बाजूला ठेवा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपली भाषाच आहे. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. फारसी-अरबीतून कागद, दुकान, खुर्ची आले. कानडीतून अडकित्ता आला. यावर ‘मराठीने इतर भाषांतून सारग्राहीपणे शब्द घेतले’ असं वाक्य सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. कोणी बसून हे शब्द निवडले नव्हते. बाजारात, दरबारात, बंदरावर लोकांचा रोजचा संबंध आला आणि शब्द तोंडी बसले. इथे ‘ओघाओघाने’, ‘व्यवहारातून’, ‘सहज’ हे शब्द खरे.

याच विषयात निवडणारा सापडतो तो राज्यव्यवहारकोशात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी तो सिद्ध केला आणि राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. कर्ता आहे, हेतू आहे, निवड आहे. तरीही हे काम सारग्राहीपणे झालं असं म्हणता येणार नाही, कारण दिशा एकच होती. अनेक ठिकाणचं वेचायचं नव्हतं, एका स्रोताच्या जागी दुसरा आणायचा होता. इथे ‘जाणीवपूर्वक’ लिहा. कर्ता सापडला म्हणजे काम संपलं असं नाही, हे या उदाहरणावरून लक्षात ठेवावं.

पायरी दुसरी: कोणाकडून काय घेतलं, ते नावानिशी लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्यावा. ‘सारग्राहीपणे’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याच्या आगेमागे स्रोतांची नावं आणि प्रत्येकाकडून घेतलेली वस्तू हवीच. नाहीतर तो संगम-मिलाफाचाच संस्कृत भाऊ होतो.

गायक भास्करबुवा बखल्यांचं उदाहरण घेऊ (1869–1922). त्यांच्यावर असं वाक्य लिहिलेलं दिसतं:

‘भास्करबुवांच्या गायकीत तीन घराण्यांचा त्रिवेणी संगम झाला होता.’

वाचकाला यातून काय कळलं? आकडा तेवढा कळला. पहिली दुरुस्ती म्हणजे घराणी आणि गुरू लिहायचे:

‘भास्करबुवांनी फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेरची, नत्थन खाँ यांच्याकडून आग्र्याची आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून जयपूरची तालीम घेतली.’

आता माहिती भरली, पण ही शिक्षणाची यादी झाली. तालीम घेणं वेगळं आणि निवडून घेणं वेगळं. एखादा तीन ठिकाणी शिकतो आणि शेवटी एकाचंच गातो. म्हणून दुसरी दुरुस्ती लागते, आणि तिच्यासाठी लेखकाला त्या घराण्यांची ओळख हवी. ग्वाल्हेर म्हणजे खुला आवाज, सरळ मांडलेली अस्ताई-अंतऱ्याची बंदिश. आग्रा म्हणजे नोमतोम (अर्थहीन अक्षरांवरची आलापी), बोलांशी आणि लयीशी चाललेला खेळ. जयपूर म्हणजे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आणि जोडराग, एकात एक गुंफलेल्या पेचदार ताना. ज्या गायकाबद्दल लिहिताय त्याच्या गाण्यात यांतलं काय आलं, हे तुम्ही ऐकून किंवा विश्वासार्ह जाणकारांच्या लेखनावरून सांगू शकत असाल, तेव्हाच हे वाक्य लिहावं:

‘बंदिशीची मांडणी एका घराण्याकडून, लयीचं अंग दुसऱ्याकडून आणि तानेची गुंफण तिसऱ्याकडून, असं त्यांनी सारग्राहीपणे घेतलं.’

‘एका’, ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांच्या जागी नावं भरता येत नसतील तर पहिल्या दुरुस्तीवर थांबावं. त्यात कमीपणा नाही. ती माहिती खरी असते आणि वाचकाच्या उपयोगाची असते.

ज्यांची ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत अशा गायकांवर लिहिताना ही पायरी टाळायला सबबच उरत नाही. पं. जितेंद्र अभिषेकी (1929–1998) मंगेशीचे, कीर्तनकाराच्या घरातले. जगन्नाथबुवा पुरोहितांकडून आग्र्याची आणि गुलुभाई जसदनवालांकडून जयपूरची विद्या त्यांना मिळाली. त्यांचा एखादा ख्याल समोर ठेवा, एकाच आलापीतल्या दोन जागा निवडा आणि त्या कोणत्या वळणाच्या आहेत ते लिहा. एवढं केलं की ‘सारग्राहीपणे’ एकदाच लिहावं लागतं आणि ते पटतं.

पायरी तिसरी: काय सोडलं, तेही सांगा

घेतलेल्या गोष्टींची यादी सगळे करतात. सोडलेल्या गोष्टी लिहिल्या की निवड खरोखर झाली होती याचा पुरावा मिळतो.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला. कथानक कालिदासाचं. पदांसाठी कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या होत्या, लावणीच्या ढंगाच्या चाली होत्या आणि कर्नाटकी चालीही होत्या. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी मुलखातलं संगीत त्यांच्या कानावरचं होतं. पारशी मंडळींचं गाण्याचं नाटक पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. इथपर्यंत झालं ‘घेतलेलं’.

आता सोडलेलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत सुरू केलेल्या परंपरेत पदं सूत्रधार म्हणत असे आणि पात्रं प्रसंगानुरूप बोलत. अण्णासाहेबांनी ही रीत ठेवली नाही. त्यांची पात्रं स्वतः गाऊ लागली आणि गद्य लिहिलेलं, बांधलेलं झालं. ही एक गोष्ट सांगितली की सारं चित्र बदलतं. जवळ जे जे होतं ते सगळं ओतलं, असं मग वाटत नाही. शकुंतलेच्या तोंडी पद शोभावं म्हणून कोणती चाल हवी, या हिशेबाने त्यांनी वेचलं, हे दिसतं.

वाक्य असं होईल: ‘कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी संगीत यांतल्या चाली अण्णासाहेबांनी सारग्राहीपणे निवडल्या, सूत्रधाराने गाण्याची जुनी रीत मात्र सोडून दिली.’

पायरी चौथी: क्रियापद जपून निवडा

हे क्रियाविशेषण निवडीच्या आणि रचनेच्या क्रियापदांशी जमतं: निवडणे, वेचणे, घेणे, स्वीकारणे, रचणे, बांधणे, घडवणे, योजणे. ‘वाचणे’ आणि ‘शिकणे’ यांच्याशीही चालतं, कारण वाचता-शिकताना माणूस काय ठेवायचं ते ठरवू शकतो.

असणे, दिसणे, वाटणे, होणे यांच्याशी ते जमत नाही. ‘त्यांची शैली सारग्राहीपणे दिसते’ हे वाक्य कानालाच खटकतं. तिथे विशेषण हवं: ‘त्यांची शैली सारग्राही आहे.’ ‘मिसळणे’ या क्रियापदाशीही मी ते शक्यतो जोडत नाही. मिसळलं की वेगळेपण जातं आणि आपण तर वेगवेगळे धागे ओळखू येतात असं म्हणत असतो.

वाक्यात जागा

मराठीत हे क्रियाविशेषण क्रियापदाच्या जितकं जवळ तितकं बरं. स्रोत आधी, पंचमीत (‑कडून, ‑तून, ‑मधून), मग ‘सारग्राहीपणे’, मग क्रियापद. स्रोतांची यादी लांबली तर ‘असं’ घालून वाक्य सावरता येतं, वर भास्करबुवांच्या उदाहरणात केलं तसं.

‘सारग्राहीपणे, त्यांनी अनेक परंपरांतून प्रेरणा घेतली’ अशी वाक्याच्या सुरुवातीला क्रियाविशेषण आणि पुढे स्वल्पविराम ही रचना मराठी नाही. भाषांतरात ती फार दिसते. दिसेल तिथे मोडावी.

आणखी एक सावधगिरी. ‘सारग्राहीपणे शिकवलेल्या शिष्यांनी रचलेल्या बंदिशी’ अशी साखळी झाली की शब्द शिकवण्याला लागतो की रचण्याला, ते कळत नाही. अशा वेळी दोन वाक्यं करावीत.

पायरी पाचवी: शेजारचे शब्द ओळखा

चुका होतात त्या बहुतेक इथेच. जवळजवळ दिसणारे पण वेगळं बोलणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत.

‘सरमिसळ करून’ म्हणताना निवडीचा दावा नसतो, उलट थोडा गोंधळ सुचवला जातो. ‘सरसकट’ तर निवडीच्या थेट उलट आहे. ‘चौफेर’ आणि ‘बहुविध’ व्याप्ती सांगतात. चौफेर वाचणारा सगळंच वाचतो, त्यातलं काय ठेवलं हे त्या शब्दात येत नाही. ‘समन्वय साधून’ म्हटलं तर दोन भिन्न मतांतला विरोध मिटवला असा अर्थ होतो. सारग्राही माणसाला विरोध मिटवावाच लागतो असं नाही. तो दोन्हीकडचं घेऊन बाकीचा वाद तसाच ठेवू शकतो. विचारवंतांवर लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

‘मिश्र’ हा शब्द संगीतात आधीच कामाला लागलेला आहे. मिश्र खमाज, मिश्र पिलू म्हटलं की मूळ रागात इतर रागांच्या छटा आल्या असं जाणकार समजतो, आणि तालाच्या भाषेत मिश्र जाती म्हणजे सातांचा गट. त्यामुळे संगीतलेखनात ‘मिश्र पद्धतीने गायले’ असं लिहिलं तर वाचक भलतीकडे जातो.

‘भेसळ’ आणि ‘कडबोळं’ हे दोष दाखवणारे शब्द आहेत. दोषच दाखवायचा असेल तर जरूर वापरा, पण मग कारण द्या.

‘धेडगुजरी’ मात्र वापरू नये. विजोड मिश्रणासाठी तो चांगल्या चांगल्या समीक्षकांनी वापरला आहे, हे खरं. पण त्याच्या पोटात एका जातीच्या नावाची हेटाळणी आहे. ‘विजोड’, ‘बेमेळ’, ‘ओढूनताणून जुळवलेलं’ हे शब्द हाताशी असताना तो लिहिण्याचं कारण उरत नाही.

आणि ‘उसनवारी’, ‘उचलेगिरी’. स्रोत झाकून घेतलेल्या गोष्टीला ‘सारग्राहीपणे घेतलं’ म्हणणं मला सगळ्यात जास्त खुपतं. दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचा परिच्छेद, दुसऱ्याची रचना नाव न सांगता घ्यायची आणि वर हा भारदस्त शब्द लावायचा, हे शब्दाशीही बेइमानी करणं आहे. निवड उघड हवी. म्हणून दुसऱ्या पायरीवर इतका भर दिला.

प्रबंधात आणि शास्त्रीय लेखनात

‘प्रस्तुत प्रबंधात सारग्राही दृष्टिकोन स्वीकारला आहे’ हे वाक्य लिहून पुढे काहीच न सांगण्याची प्रथा पडली आहे. परीक्षकाने यावर एकच प्रश्न विचारावा: निवडीचा निकष काय? निकष वाक्यातच आला पाहिजे. उदाहरणार्थ समुपदेशनाच्या क्षेत्रात असं लिहिता येईल: ‘अशिलाशी विश्वासाचं नातं जुळेपर्यंत कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धत आणि अविवेकी समजुती तपासताना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, अशी योजना समुपदेशकाने अशिलाच्या गरजेनुसार सारग्राहीपणे केली.’ यात कर्ता आहे, दोन स्रोत आहेत, प्रत्येकाचं काम आहे आणि ‘अशिलाच्या गरजेनुसार’ हा निकषही आहे.

बोलीत आणि हलक्याफुलक्या लेखनात

हा शब्द वजनदार आहे. कथेतल्या संवादात, पाककृतीत, प्रवासाच्या टिपणात तो घातला की मजकूर ताठरतो. तिथे साधे पर्याय घ्या: ‘निवडून-वेचून’, ‘पटलं तेवढं घेऊन’, ‘जिथलं जे चांगलं ते घेत’, ‘हवं तेवढंच उचलून’. गोडा मसाला करणारी आजी ‘मी सारग्राहीपणे मसाला केला’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘आईकडची दगडफूल-नागकेशराची पद्धत ठेवली, सासरचं खोबरं जरा कमी केलं, चार घरचं पाहून पटलं तेवढं घेतलं.’ या वाक्यात स्रोत, घेतलेलं आणि कमी केलेलं सगळं आहे. क्रियाविशेषणाची गरज उरलीच नाही.

एक परिच्छेद शेवटपर्यंत दुरुस्त करून पाहू

कच्चा मजकूर असा: ‘मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया म्हणजे पूर्व आणि पश्चिमेचा अप्रतिम संगम. त्यात अनेक शैलींचं मनोहारी मिश्रण आढळतं.’

निवडणारा कोण? वास्तुविशारद जॉर्ज विटेट. काय आणि कुठून? शहराच्या दारात एकच भव्य कमान उभारायची ही कल्पना युरोपातल्या विजयकमानींची. कमानीचं वळण आणि नक्षीकाम 16व्या शतकातल्या गुजराती वास्तुशैलीचं. दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या, बेसॉल्ट मात्र जवळपासचाच. काय सोडलं? थोड्याच अंतरावर बोरीबंदरचं स्टेशन आणि उच्च न्यायालय यांवर दिसणारं व्हिक्टोरियन गॉथिक वळण विटेटने इथे घेतलं नाही. निमित्त 1911 साली पंचम जॉर्ज यांच्या भेटीचं, प्रत्यक्ष उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी.

दुरुस्त मजकूर: ‘पंचम जॉर्ज यांच्या 1911च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेल्या आणि 1924 साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाची कल्पना युरोपातल्या विजयकमानींवरून घेतलेली आहे. तिला रूप देताना मात्र जॉर्ज विटेट यांनी आधीच्या पिढीच्या गॉथिक इमारतींकडे पाठ फिरवली. 16व्या शतकातल्या गुजराती वास्तूंमधलं कमानीचं वळण आणि नक्षी, ग्वाल्हेरच्या दगडी जाळ्या, असं त्यांनी सारग्राहीपणे निवडलं आणि स्थानिक बेसॉल्टमध्ये बांधलं.’

‘अप्रतिम’ आणि ‘मनोहारी’ गेले, तरी वाचणाऱ्याला ती कमान पुन्हा एकदा नीट बघावीशी वाटेल, आणि बघताना नजर कुठे न्यायची तेही कळेल.

लिहिण्याचे बारीक नियम

‘सारग्राहीपणे’ एकच शब्द. ‘पणे’ तोडून लिहू नये. ‘ही’ दीर्घ. ‘सारग्राहीपणा’तही दीर्घच, पण संस्कृत प्रत्यय लागला की ऱ्हस्व: सारग्राहिता. उपयोगी, उपयोगीपणा, उपयोगिता यांचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला की चूक होत नाही. ‘सारग्राही वृत्तीने’ आणि ‘सारग्राही पद्धतीने’ हेही बरोबर आहे. पहिल्यात माणसाचा स्वभाव येतो, दुसऱ्यात त्या एका कामापुरती रीत. एकाच कामाबद्दल लिहीत असाल तर ‘वृत्तीने’ लिहून त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याबद्दल विधान करू नका.

एका लेखात हा शब्द एकदा, फार तर दोनदा यावा. लेख पुरा झाल्यावर तो खोडून वाक्य पुन्हा वाचा. स्रोत, घेतलेलं आणि सोडलेलं तरीही स्पष्ट दिसत असेल, तर शब्द ठेवायचा की नाही हे फक्त लयीवर ठरवा. खोडल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल, तर दुसऱ्या पायरीवर परत जा आणि नावं भरा.